पायडल कुणी काढून टाकले?

मराठी ललित लेखनात सायकल आली की आम्ही सावध होतो. आता बालपण येणार, वडिलांनी काटकसर करून घेतलेली जुनी सायकल येणार, हाफ पायडल येणार, गुडघे फुटणार आणि शेवटच्या परिच्छेदात ती सायकल माळ्यावर गंजत पडलेली सापडणार. या साऱ्या सायकलींत एक साम्य आहे. त्यांच्या कॅरिअरवर कधी ओझे नसते. फार तर दप्तर असते किंवा धाकटी बहीण असते. ओझे आमच्या साहित्यात भरपूर आहे, पण ते आठवणींचे, जबाबदारीचे, न बोललेल्या शब्दांचे. पन्नास किलोच्या कट्ट्याचे ओझे मात्र त्यात क्वचितच सापडते. ही तक्रार केवळ साहित्यापुरती असती तर आम्ही ती मनातच ठेवली असती. परंतु ज्या दृष्टीने आपण लिहितो त्याच दृष्टीने आपण कायदे करतो, कर लावतो आणि अनुदाने वाटतो, असे आमचे मत आहे. सायकल म्हणजे मागे पडलेली गरिबी, हे एकदा ठरले की तिच्यावर आजही काही वाहिले जाते, हे दिसेनासेच होते.

उदाहरणासाठी कळमेश्वर घेऊ. नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव. एका अंगाला औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला संत्र्याचा पट्टा, मधून नागपूर–इटारसी लोहमार्ग. तालुक्यातच विदर्भाचे पंढरपूर म्हणवले जाणारे धापेवाडा आहे आणि गणपतीचे अदासाही आहे. अशा गावात रोज काय वाहिले जाते? दुधाचे कॅन, भाजीच्या पाट्या, संत्र्यांचे कॅरेट, सरकी ढेपेचे कट्टे, कुटार, पऱ्हाट्यांचे भारे, गॅसचे सिलिंडर, किराणा दुकानाचा माल, सिमेंटचे एखाददुसरे पोते. यांतले बरेचसे ओझे वीस ते शंभर किलोंच्या मधले असते आणि त्याला जायचे असते ते बहुधा पाच-सात किलोमीटर. ट्रकला हे ओझे फार लहान आणि डोक्याला फार मोठे. पूर्वी ते बंडीने, कावडीने आणि सायकलने जाई. आज ते मुख्यत्वे दोन्ही बाजूंना कॅन अडकवलेल्या मोटारसायकलने जाते. ती हप्त्यांवर घेतलेली असते आणि तिच्यात पेट्रोल लागते, ज्याने आपल्या राज्यात २०२१ साली शंभरी ओलांडली.

आता थोडा हिशेब मांडू. चालवणारा साठ किलोंचा, मजबूत सायकल चाळीस किलोंची आणि माल शंभर किलोंचा, असे एकूण दोनशे किलो धरू. सपाट डांबरी रस्त्यावर ताशी पंधरा किलोमीटर वेगाने हे वजन नेण्यास साधारण शंभर वॅट शक्ती लागते. शंभर मीटरला दोन मीटर चढणाऱ्या रस्त्यावर वेग दहापर्यंत उतरवला तरी ती दीडशेच्या पुढे जाते. कष्टाची सवय असलेला निरोगी माणूस तासन् तास पंचाहत्तर वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. म्हणजे तूट आहे ती पाऊणशे ते शंभर वॅटची. छाती फुटते ती एवढ्यासाठी, आणि मोटारसायकल घेतली जाते तीही एवढ्यासाठीच. ही तूट अडीचशे वॅटची लहानशी मोटर सहज भरून काढते. अठ्ठेचाळीस व्होल्ट, दहा अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे जेमतेम अर्धे युनिट वीज. ती घरगुती दराने चहाच्या एका कपाहून स्वस्त पडते आणि चार-पाच तास साथ देते. उलट सर्वसाधारण ई-रिक्षात शिशाच्या चार बॅटऱ्या असतात. त्यांत सुमारे दहापट वीज साठते आणि त्यांचेच वजन शंभर किलोंच्या घरात जाते. माल चढण्याआधीच शंभर किलो शिसे वाहून न्यायचे, असा तो व्यवहार आहे.

दुसरा प्रश्न ओझे कोठे ठेवायचे, हा. साध्या सायकलीवर ते मागच्या चाकाच्या वर आणि मागे येते, त्यामुळे पुढचे चाक हलके होऊन हँडल डुगडुगते. यावर उपाय म्हणजे मागचे चाक सव्वा फूट आणखी मागे न्यायचे, चेन लांब करायची आणि माल चालवणारा व मागचे चाक यांच्यामध्ये, दोन्ही बाजूंना, खाली बसवायचा. पाश्चात्त्य देशांत हिला लाँगटेल म्हणतात. आम्ही लांबशेपटी म्हणू. रॉस इव्हान्स या अमेरिकी तरुणाला ही कल्पना १९९०च्या दशकात निकाराग्वात, ओझी वाहणाऱ्या गरिबांमध्ये काम करताना सुचली. आज तिची विजेवर साथ देणारी रूपे युरोप-अमेरिकेत काही लाख रुपयांना विकली जातात आणि सुखवस्तू आईबाप त्यांवरून मुलांना शाळेत सोडतात. जर्मनीने २०२१पासून व्यवसायासाठी अशा मालवाहू सायकली घेणाऱ्यांना किमतीच्या पाव हिश्शापर्यंत, कमाल अडीच हजार युरो, अनुदान दिले. गरिबाच्या ओझ्यातून निघालेली वस्तू श्रीमंताच्या दारात पोचली. गरिबाच्या दारात ती अजून यायची आहे.

यावर कोणी म्हणेल, हे परदेशी खूळ कळमेश्वरात कशाला? अशा वाचकाने सातारा जिल्ह्यातील फलटणकडे पाहावे. तेथील निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सायकलरिक्षावर काम केले आणि २००२ साली ते 'करंट सायन्स' या नियतकालिकात मांडले. त्यात तीन वाहने होती: सुधारलेली पायडल रिक्षा, पायडलला मोटरची साथ देणारी रिक्षा आणि पूर्ण विजेची रिक्षा. पुढे २००८ साली दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेची 'सोलेकशॉ' दिल्लीत उतरली. तिच्यातही पायडल आणि मोटर एकत्र होती. ही वाहने मुख्यतः प्रवाशांसाठी होती, हे खरे. परंतु माणसाचे पाय आणि थोडी वीज यांची भागीदारी ही कल्पना आपल्याकडे, आपल्याच राज्यात, अभ्यासपूर्वक मांडली गेली होती. फलटणने तीन पर्याय ठेवले होते; आपण त्यांतला एकच जाणला. २०१०नंतर चिनी सुट्या भागांवर जोडलेल्या ई-रिक्षांची लाट आली आणि मधला पर्याय विस्मरणात गेला.

तो विसरला गेला असे म्हणणेही आम्हास पुरेसे वाटत नाही. तो वगळला गेला. २०१४चे नियम आणि २०१५ची मोटार वाहन कायद्यातील दुरुस्ती यांनी ई-रिक्षा व ई-कार्ट यांना मान्यता दिली. ते आवश्यकच होते. अडीचशे वॅटहून कमी शक्तीच्या आणि ताशी पंचवीस किलोमीटरला मोटर बंद होणाऱ्या पायडलच्या सायकलीला नियमांनी मोटार वाहनांतून सूट दिली. म्हणजे परवाना नको, नोंदणी नको. ही सूट मोठी आहे, पण तिचीच दुसरी बाजू अशी की जे वाहन नोंदवलेले नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याला अनुदान नाही. २०२४च्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत ई-दुचाकी, ई-रिक्षा, ई-कार्ट, बस, ट्रक, रुग्णवाहिका यांची नावे आहेत. पायडलच्या मालवाहू सायकलीचे नाही. दिल्ली सरकारने २०२२ साली मालवाहू ई-सायकलींच्या पहिल्या पाच हजार ग्राहकांना पंधरा हजार रुपयांचे अनुदान जाहीर केले होते, म्हणजे असे करता येते. आणि वस्तू व सेवा कराची कथा तर प्रहसनात शोभावी. ऑगस्ट २०१९पासून विजेच्या वाहनांवर, मग ती लाखो रुपयांची मोटार का असेना, पाच टक्के कर होता. साध्या सायकलीवर बारा टक्के होता, आणि तो २२ सप्टेंबर २०२५पर्यंत टिकला. सहा वर्षे दूधवाल्याच्या सायकलीने आलिशान विजेच्या मोटारीपेक्षा चढ्या दराने कर भरला.

आमच्या म्हणण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. गरिबाने अजून किती दिवस पायडल मारायचे? मोटर आली असताना त्याला घाम गाळायला सांगणारे तुम्ही कोण? हा प्रश्न आम्ही टाळत नाही. माथेरानच्या हातरिक्षांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५मध्ये सहा महिन्यांत त्या बंद करून ई-रिक्षा आणण्याचा आदेश दिला, तेव्हा आम्हास आनंदच झाला. माणसाने माणसाला ओढणे ही मानहानी आहे. परंतु स्वतःचा माल स्वतःच्या सायकलीवर स्वतःच्या वेळेने नेणे ही मानहानी नव्हे; मानहानी आहे ती प्रमाणाबाहेरच्या ओझ्यात. हमालांच्या चळवळीने हे आपल्याला कधीच शिकवले आहे. पोते शंभर किलोंचे नको, पन्नासचे हवे, हे त्यांचे मागणे होते. १९६९च्या माथाडी कायद्यानेही श्रम रद्द केले नाहीत, श्रमांना नियम दिले. आमचे म्हणणे त्याच परंपरेतले आहे. कष्ट निम्मे करा. कष्टकऱ्याला हप्त्यांच्या दुसऱ्या ओझ्याखाली घालू नका.

हा उपाय सर्वांसाठी नाही, हेही सांगितले पाहिजे. कापसाचे क्विंटल किंवा बागेतली सगळी संत्री अशी जाणार नाहीत. त्यांना टेम्पोच हवा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की भर दुपारी कोणी पायडल मारू नये, मोटर असली तरी. आपल्या साध्या सायकलींचे दांड्याचे ब्रेक शंभर किलो मालाला पुरत नाहीत, पावसात तर मुळीच नाहीत. ब्रेक बदलल्याखेरीज सायकल लांबवणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. मागच्या चाकाला जाड आरे, भक्कम रिम आणि दुहेरी स्टँड हवा. यांतले काहीही अगम्य नाही. तालुक्याच्या गावातला वेल्डिंगवाला आणि सायकलवाला एकत्र बसले तर चौकट तेथेच तयार होईल. बाहेरून आणायची ती मोटर, बॅटरी आणि थोडा विश्वास.

राज्याने सायकल कधी दिलीच नाही असे नाही. मानव विकास कार्यक्रमात शाळकरी मुलींना सायकली दिल्या गेल्या आणि त्यांचा उपयोगही झाला. शिकायला जाणाऱ्या मुलीची सायकल आपल्याला दिसते. संध्याकाळी कुटाराचा भारा आणणाऱ्या तिच्या आईची गरज दिसत नाही. तिला ना मोटारसायकल चालवता येते, ना ई-कार्टचा हप्ता झेपतो. परवाना नको, पेट्रोल नको आणि बॅटरी संपली तरी रिकामी सायकल पायडल मारत घरी आणता येईल, असे वाहन खरे तर तिच्यासाठीच आहे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ज्या योजनेत ई-कार्ट बसते त्या योजनेत पायडलची मालवाहू सायकलही बसवा, आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून ती जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवा. आणि लेखकमित्रांना एक विनंती: माळ्यावरच्या सायकलीविषयी पुढचा लेख लिहिण्याआधी एकदा तिच्या कॅरिअरवर पन्नास किलोचा कट्टा ठेवून गावाबाहेरचा चढ चढून पाहावा. स्मरणरंजन तेथेच उतरेल आणि हँडल डुगडुगण्याचे कारणही कळेल.