टोपीला तेल लावू नका

उन्हाळ्याच्या तोंडावर माळ्यावरच्या वस्तू खाली येतात आणि त्यांच्या मागोमाग सल्ले येतात. स्ट्रॉ हॅट कोरडी पडून बोटाखाली कुरकुरायला लागली की तिला खोबरेल चोळा, ग्लिसरीन लावा, नाहीतर केसांचा स्प्रे मारा, असे हमखास सांगितले जाते. खोबरेल तेलावरची आपली निष्ठा हा या सदराचा जुना विषय आहे. टाळू, गुडघा आणि दाराची बिजागरी यांना एकच औषध. डोक्याला चालते ते डोक्यावरच्या हॅटलाही चालेल, असा यामागचा हिशेब असावा. तो चुकीचा आहे. कडक झालेल्या हॅटला पाणी हवे असते, तेही वाफेच्या रूपात आणि बेताने.

याचा पुरावा हॅट विणणाऱ्यांच्या हातात आहे. पनामा हॅट ही मुळात इक्वेडोरची. ती तोकिया नावाच्या, ताडासारख्या दिसणाऱ्या पण ताड नसलेल्या झाडाच्या कोवळ्या पानांतून होते. पाने चिरून उकळतात, वाळवतात, गंधकाच्या धुरीने उजळ करतात आणि मग विणतात. साधी हॅट दिवसात होते, अतिशय तलम हॅटला आठ महिनेही लागतात. या विणकामाची नोंद युनेस्कोने २०१२ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत केली. किनाऱ्याजवळच्या पिले गावातल्या सर्वांत तलम हॅटना विशिष्ट हवामानच लागते. भर उन्हात काडी कोरडी पडते आणि तुटते, म्हणून बारीक काम दमट वेळी करतात. आपल्याकडचा बुरूडही कामट्या भिजवून मगच वाकवतो, तेलाची बाटली घेऊन बसत नाही. कारण एकच आहे. वनस्पतीचा धागा मुख्यतः सेल्युलोजचा. त्यात मुरलेले पाणी त्याला लवचीक ठेवते आणि ते उडाले की धागा काचेसारखा कडकन मोडतो. तेल त्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. ते वर बसते, धूळ धरते, पिवळे पडते आणि यथावकाश खवट वास मारते.

यावर कोणी म्हणेल, ग्लिसरीनचे काय? ते तर हवेतला ओलावा ओढून घेते. खरे आहे, आणि या यादीत त्यातल्या त्यात शहाणा उपाय तोच. पण जी वस्तू नागपूरच्या मे महिन्यात ओलावा शोधते, ती मुंबईच्या जुलैतही शोधणारच. मग हॅट चिकट होते आणि तिच्यावर बुरशीला आयते आमंत्रण मिळते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पावसात भिजलेल्या हॅटची कड लोंबते, मग पाणी चांगले कसे? त्याचे उत्तर प्रमाणात आहे. हॅट भिजवायची नाही. किटलीच्या वाफेवर वीतभर अंतर राखून फिरवत राहायची. आतली चामड्याची पट्टी असेल तर तिला वाफेपासून जपायचे, कारण चामडे आकसते. काडी मऊ झाली की बोटांनी हळूहळू आकार द्यायचा, आत कागदाचे बोळे भरायचे आणि सावलीत वाळू द्यायचे. घाई करून ड्रायर लावला तर आत्ता दिलेला ओलावा पुन्हा काढून घेतला, एवढेच होते.

पनामा हॅट गुंडाळून खिशात ठेवता येते, ही ख्याती तिसऱ्या आक्षेपासारखी पुढे केली जाते. ताजी, तलम, दमट हवेतली हॅट गुंडाळली जाते हे मान्य. पण त्याच घडीवर पुन्हापुन्हा दुमडली की काडी तिथेच तुटते. पुढची चिमूट धरून हॅट उचलणाऱ्यांच्या हॅटला भोक पडते तेही त्याच जागी. उचलताना कड धरावी. आणि तुटलेली काडी वाफेने सांधत नाही, हे मात्र स्पष्ट सांगायला हवे. आतून पातळ कापडाचा तुकडा गोंदाने लावून भेग वाढणे थांबवता येते. ती दिसायची राहत नाही.

हे सगळे खऱ्या काडीच्या हॅटपुरते. बाजारात स्ट्रॉ म्हणून विकल्या जाणाऱ्या कितीतरी हॅट पिळलेल्या कागदाच्या असतात आणि दुकानदार ते आपणहून सांगत नाही. कागदाची हॅट वाईट असते असे नाही. हलकी असते, स्वस्त असते, एखाददुसरा उन्हाळा सहज काढते. पण वाफेने तिचा पीळ सुटतो. म्हणून आधी कडेच्या आतल्या बाजूचे एखादे सुटे टोक ओले करून नखाने उलगडून पाहावे. पट्टी चपटी उलगडली आणि लगदा होऊ लागली, तर तो कागद. सपाट माथ्याच्या, लाखेच्या रोगणाने कडक केलेल्या बोटर हॅटचेही प्रकरण वेगळे. तिचा कडकपणा मुद्दाम आणलेला असतो. वाफेने ती मऊ पडून आकार सोडते आणि रोगणावर पांढरट डाग उठतात. अशी हॅट मऊ ब्रशने झटकावी आणि किटलीपासून लांब ठेवावी.