बोलणी खाणारे मूल, बोल लागलेली आई

एडीएचडी (अवधान-अभाव व अतिचंचलता विकार) असलेल्या मुलाच्या केसपेपरवर ‘आईचे समुपदेशन’ असा शेरा हमखास असतो. व्यवहारात त्याचा अर्थ बहुधा एवढाच उरतो : मुलाला रागावू नका. सल्ला चुकीचा नाही. दिवसभर शाळेत बोलणी खाल्लेले मूल संध्याकाळी आईच्या तोंडून जे ऐकते, त्यावर त्याचे स्वतःविषयीचे मत पक्के होत जाते. ‘वही विसरलास’ आणि ‘तू आहेसच वेंधळा’ यांतला फरक आठ वर्षांच्या पोरालाही नेमका कळतो. वही उद्या नेता येते; वेंधळेपणाचा शिक्का मात्र त्याला स्वतःहून पुसता येत नाही. तरीही हा सल्ला अर्धाच आहे, कारण आईचे रागावणे येते कुठून, हे तो विचारतच नाही.

रसेल बार्कली आणि चार्ल्स कनिंगहॅम यांनी 1979 मध्ये अतिचंचल मुले आणि त्यांच्या आया यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. मेथिलफेनिडेट हे औषध सुरू असताना मुले अधिक ऐकू लागली आणि आयांचे हुकूम सोडणेही कमी झाले. आयांना कोणी काही शिकवले नव्हते. म्हणजे रागाचा मोठा भाग लक्षणांनी ओढून आणलेला असतो. उलट दिशाही तितकीच खरी आहे. अमेरिकेतल्या 579 मुलांच्या एमटीए या उपचार-अभ्यासात औषध आणि पालक-प्रशिक्षण एकत्र मिळालेल्या ज्या घरांत नकारात्मक शिस्त घटली, तिथल्या मुलांचे शाळेतले वागणे लक्षणीय सुधारले. हे चक्र आहे, आणि आईला बोल लावून ते थांबत नाही. उचगावसारख्या कोल्हापूरला खेटलेल्या गावात वडील शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर असले, की अभ्यास, जेवण, झोप सगळे तिच्याच अंगावर येते. वर ‘लाडानं तूच बिघडवलंस’ हे तिलाच ऐकावे लागते.

काही सहकारी म्हणतात, ही मुले स्वतःला उलट जास्तच हुशार समजतात. मग आत्मसन्मानाची काळजी कशाला? निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष घाईचा. डीनर आणि मिलिच यांच्या 1997 च्या अभ्यासात, जोडीदाराला तू आवडलास असे कळल्यावर अशा मुलांची फुगवलेली स्वप्रतिमा खाली आली. फुशारकी निदान काही अंशी तरी ढालीसारखी वापरली जाते, असाच याचा अर्थ लागतो. ‘मला सगळं येतं’ म्हणणाऱ्या मुलाला म्हणूनच कौतुकाची गरज अधिक असते, आणि ते कौतुक नेमके हवे : ‘शहाणा आहेस’ यापेक्षा ‘आज दप्तर न सांगता भरलंस’.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार दुर्लक्षित राहते. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. समोर बसलेल्या आईलाही तोच त्रास असू शकतो. सोनुगा-बार्क यांच्या 2002 च्या अभ्यासात, जिच्यात ही लक्षणे तीव्र होती अशा आईच्या मुलाला पालक-प्रशिक्षणाचा फायदा जवळपास झालाच नाही. तेव्हा पहिल्याच भेटीत तिची झोप, तिची मनःस्थिती, तिचे स्वतःचे शाळेतले दिवस यांची विचारपूस व्हायला हवी, आणि पुढच्या भेटीची तारीख वडिलांची पाळी पाहून द्यायला हवी.