मातीला न गेलेली माणसं

निपाणीहून कागल म्हणजे गाडीत बसलं की आलंच. आईचं माहेर तिथलं. उरूस असो, बारसं असो, कुणाचं दुखणं असो, ती पिशवी उचलून निघायची. हद्दीवर भाषणं आम्ही पुरुषांनी केली. आईसाठी ती हद्द कधी नव्हतीच.

मे 2021 मध्ये ती पहिल्यांदा आडवी आली. कोल्हापूरच्या दवाखान्यात मामा गेला. फोन पहाटे आला. महाराष्ट्रात शिरायला 48 तासांतला आरटीपीसीआर निगेटिव्ह रिपोर्ट लागत होता आणि परत कर्नाटकात यायला 72 तासांतला. इथं स्वॅब दिल्यावर रिपोर्ट हातात यायलाच दोन-तीन दिवस जात होते. दवाखान्यातून तर मामाला सकाळीच थेट स्मशानात नेणार होते. तरी आई लुगडं बदलून उंबऱ्यात बसली. "तू गाडी काढ, मी नाक्यावर पाया पडते," म्हणाली. मी गाडी काढली नाही. ते बरोबर केलं की चूक, अजून ठरवता येत नाही.

मामेभावानं लांबून व्हिडिओ कॉल लावला. किट घातलेली चार माणसं, धूर, आणि मधेच नेट अडकलं. आई अडकलेल्या चित्राकडेच बघत राहिली. तिला वाटलं, अजून अग्नी द्यायचाय.

नियम चुकीचे होते असं मी म्हणत नाही. गर्दीनं रोग पसरत होता, हे आमच्याच गल्लीत चार घरांनी पाहिलं. अंत्यविधीला कर्नाटकात पाच माणसं, महाराष्ट्रात वीस. खांदा द्यायला चौघं लागतात, पाचवा मडकं धरणारा. म्हणजे इकडे मयत झालं की सख्खा जावईसुद्धा बाहेर. यातून मोठी माणसंही सुटली नाहीत. बेळगावचे खासदार आणि केंद्रीय रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी 23 सप्टेंबर 2020 रोजी दिल्लीत कोरोनानं गेले, आणि त्यांची माती दिल्लीतच झाली. बेळगावनं ती टीव्हीवर पाहिली.

पण त्या संध्याकाळचं सांगायचंय. आमच्याकडं सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी येते. त्या दिवशी भाकरी आली, पण कट्ट्यावर ठेवून माणूस मागं सरलं. ताट आपलं आपण उचलायचं. मग दिवेलागणीला आई दारात आली, तर समोरच्या काकू त्यांच्या दारात उभ्या. पलीकडं मुल्लाभाभी. वरच्या अंगाला हिरेमठांच्या म्हाताऱ्या आजी, त्यांना मराठी जेमतेम येतं. बघता बघता गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर कुणीतरी होतं. कुणी बोललं नाही, कुणी पायरी उतरलं नाही. अर्धा तास तशीच सगळी उभी. शेवटी काकूंनी तिथूनच हाक मारली, "आक्का, दोन घास खा गं." तेव्हा कुठं आई रडली.

त्याच रात्री गावातल्या निम्म्या लोकांच्या स्टेटसला मामाचा फोटो होता. स्टेटसवरच्या भावपूर्ण श्रद्धांजलीला मी आधी हसायचो. आई मात्र एकेक फोटो उघडून बघत होती आणि नावं मोजत होती, कोण कोण आलं म्हणून.

ते सगळं खरं होतं. तरी पुरलं नाही, हे आपण मान्य करायला हवं. नाके उठले, रिपोर्ट बंद झाले, लग्नं पुन्हा हजार पानांची व्हायला लागली. त्या दोन वर्षांत गेलेल्यांच्या घरी मात्र आपण गेलोच नाही. आधी जाता आलं नाही, मग उशीर झाला म्हणून लाज वाटली. कुठल्या तोंडानं जायचं? आता तर वाटेत ती माणसं भेटली की आपण पावसापाण्याचं बोलतो आणि सटकतो. हद्दीच्या पलीकडच्या घरांचं तर अजून वाईट. तिकडच्यांना वाटतं, इकडचे आले नाहीत. इकडच्यांना वाटतं, त्यांनी समजून घेतलं असेल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक गल्लीनं, प्रत्येक मंडळानं एक संध्याकाळ धरावी. भाषण नको, हार नको, पाहुणा तर नकोच. त्या दोन वर्षांत गेलेल्यांची नावं वाचायची आणि खाली सतरंजीवर बसायचं. आणि ज्या घरी जायचं राहिलंय तिथं जायचं. काय बोलायचं हे ठरवून जाऊ नका.

मी यंदा आईला घेऊन कागलला गेलो. मामीनं दार उघडलं, दोघी चौकटीतच एकमेकींच्या गळ्यात पडल्या. आत गेल्यावर आईनं पहिलं विचारलं, "शेवटचा फोन आला तेव्हा काय म्हणाला गं?" मामी सांगायला लागली. मी बाहेर कट्ट्यावर येऊन बसलो. चहा दोनदा निवला. निघायला रात्रीचे दहा वाजले.