‘जायंट किलर’ या पदवीमागे हरवलेली सतरा वर्षे

१/ फेब्रुवारी १९६७. दक्षिण मुंबई लोकसभा मतदारसंघात केंद्रीय रेल्वेमंत्री स. का. पाटील यांचा पराभव जॉर्ज फर्नांडिस या ३६ वर्षांच्या समाजवादी नगरसेवकाने केला. तेव्हा जॉर्ज यांना ‘जायंट किलर’ ही पदवी चिकटली, ती कायमची. पदवी गौरवाची आहे, यात शंका नाही. मात्र त्या निवडणुकीत नेमके काय घडले हे समजून घेण्याच्या आड तीच येते, असे या धाग्याचे म्हणणे आहे.

२/ प्रथम पाटील यांच्याविषयी. असहकार चळवळीत शिक्षण सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरलेला हा कोकणातला माणूस पुढे मुंबई काँग्रेसचा सर्वेसर्वा झाला. १९४९ ते १९५२ या काळात सलग तीनदा महापौर. १९५२, १९५७ आणि १९६२ या तिन्ही निवडणुकांत लोकसभेवर. केंद्रात पाटबंधारे, दळणवळण, अन्न व शेती, रेल्वे अशी एकाहून एक वजनदार खाती. पक्षासाठी निधी उभा करण्यात तर त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. ‘मुंबईचा अनभिषिक्त सम्राट’ हे वर्णन त्या काळी कोणालाही अतिशयोक्त वाटत नसे.

३/ त्यांच्या बळाची खरी परीक्षा १९५७ साली झाली होती. मुंबई महाराष्ट्राला देण्यास उघड विरोध करणारा हा मराठी नेता. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभराहून अधिक माणसे गोळीबारांत हुतात्मा झालेली. आचार्य अत्रे ‘मराठा’तून त्यांच्यावर रोज तोफ डागत होते. समितीच्या लाटेत पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसचे भलेभले वाहून गेले, शेजारच्या मध्य मुंबईतून कॉम्रेड डांगे निवडून आले. पाटील मात्र तरले! त्यांच्या मतदारसंघात फोर्ट, काळबादेवीच्या बाजारपेठा होत्या, व्यापारी वर्ग होता, आणि त्या वर्गाशी त्यांचा वर्षानुवर्षांचा घरोबा होता.

४/ त्यामुळे ‘१९६७ मध्ये देशभर काँग्रेसविरोधी वारे होते, त्यात पाटीलही पडले’ हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. वारे होते, हे खरेच. दोन वर्षांचा दुष्काळ, धान्यटंचाई, जून १९६६ मधील रुपयाचे अवमूल्यन (डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून थेट ७.५० रुपये), वाढती महागाई. तमिळनाडूत खुद्द कामराज एका विद्यार्थी नेत्याकडून १,२८५ मतांनी हरले. बंगालमध्ये अतुल्य घोष पडले. लोकसभेत काँग्रेसचे संख्याबळ ३६१ वरून २८३ वर आले.

५/ पण महाराष्ट्राकडे पाहावे. येथे लोकसभेच्या ४५ पैकी ३७ जागा काँग्रेसने जिंकल्या आणि विधानसभेच्या २७० पैकी २०३. याला कोणी पराभवाची लाट म्हणणार नाही. खरी लाट १९५७ ची, आणि तिच्यात पाटील टिकले. दहा वर्षांनी राज्यात काँग्रेस भक्कम असताना ते पडले. तेव्हा कारण हवेत शोधण्यापेक्षा मतदारसंघाच्या गल्ल्यांत शोधणे अधिक शहाणपणाचे.

६/ याच शहरातील आणखी एक लढत शेजारी ठेवली की मुद्दा उजळतो. १९६२, उत्तर मुंबई. विद्यमान खासदार संरक्षणमंत्री कृष्ण मेनन, त्यांना आव्हान आचार्य कृपलानींचे. कृपलानी म्हणजे गांधीजींचे जुने सहकारी, स्वातंत्र्याच्या वेळचे काँग्रेस अध्यक्ष. संरक्षण खात्यावरील त्यांची टीकाही पोकळ नव्हती. त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनने तिची प्रचीती आणून दिली. तरीही ते लाखाहून अधिक मतांनी हरले. मेनन यांच्यामागे नेहरूंचे वजन होते, हे मान्य. परंतु कृपलानींचे नाव देशभर होते आणि अंधेरी-मालाडच्या चाळींत त्यांचे स्वतःचे असे कोणी नव्हते, हेही तितकेच खरे. त्याच निवडणुकीत फूलपूरमध्ये नेहरूंना आव्हान देणाऱ्या लोहियांच्या वाट्यालाही पराभवच आला. मोठ्या माणसासमोर मोठे नाव उभे केले की काम भागते, हा समज १९६२ नेच खोटा पाडला होता.

७/ जॉर्ज यांच्याकडे नाव नव्हते. सतरा वर्षे होती. मंगळूरहून, पाद्री होण्याचे शिक्षण सोडून, १९४९ मध्ये ते मुंबईत आले. काही रात्री त्यांनी चौपाटीच्या बाकांवर काढल्या. वृत्तपत्रात मुद्रितशोधकाचे काम मिळाले, मग गोदी कामगारांचे नेते प्लॅसिड डिमेलो यांचा सहवास. १९५८ मध्ये डिमेलो गेले आणि कामगार संघटनांचा मोठा भार या तरुणावर आला. पालिकेचे सफाई कामगार, बेस्टचे चालक-वाहक, टॅक्सीवाले, हॉटेलांतली पोरे. १९६१ पासून नगरसेवकपद. संप, मोर्चे, तुरुंगवाऱ्या.

८/ ही यादी नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. ही माणसे काही दक्षिण मुंबईत बहुसंख्य मतदार नव्हती. पण शहरातील प्रत्येक गल्लीत रोज जाणारी माणसे हीच होती. सफाई कामगार प्रत्येक इमारतीच्या मागच्या बाजूस जातो. टॅक्सीवाल्याच्या मागच्या आसनावर शेठजीही बसतो आणि त्यांचा मुनीमही. पाटील यांचे जाळे वरून खाली विणलेले होते, ते पेढी, बाजारसमित्या आणि पक्ष कार्यालयातून जाई. जॉर्ज यांचे जाळे जमिनीलगत पसरलेले. प्रचारासाठी ते नव्याने उभारावे लागले नाही, केवळ हलवावे लागले.

९/ आता त्या प्रसिद्ध भित्तिपत्रकाकडे. आपल्याला परमेश्वरही हरवू शकत नाही, अशा अर्थाचे उद्गार पाटील यांनी काढले आणि जॉर्ज यांच्या कार्यकर्त्यांनी त्यावर ‘पण तुम्ही हरवू शकता’ असे मतदारांना सांगणारी पत्रके शहरभर लावली, अशी आठवण जॉर्ज यांच्या बाजूने सांगितली जाते. विजेत्यांच्या आठवणी जपूनच घ्याव्यात. मात्र युक्ती म्हणून ती विलक्षण आहे. पत्रक पाटील यांना भ्रष्ट म्हणत नाही, महागाईचा हिशेब मागत नाही, समाजवादावर प्रवचनही देत नाही. ते एकाच गोष्टीवर घाव घालते: हा माणूस पडूच शकत नाही, या समजुतीवर. वर्षानुवर्षे निवडून येणाऱ्या प्रतिनिधीची अर्धी ताकद त्या समजुतीतच साठलेली असते. व्यापारी देणगी देतो ती तिच्यापोटी, आणि नाराज मतदार घरी बसतो तोही तिच्यापोटीच.

१०/ एक गंमत नोंदवायला हवी. या निवडणुकीच्या जेमतेम आठ महिने आधी, जून १९६६ मध्ये, शिवसेनेची स्थापना झाली होती. मुंबई कोणाची, हा प्रश्न ऐरणीवर होता. आणि अशा वेळी मंगळूरच्या ख्रिस्ती तरुणाने कोकणातल्या मराठी पाटलांना पाडले, तेही जवळजवळ निम्मी मते मिळवून. गिरगावातल्या मराठी माणसाला १९५५-५६ चे घाव आठवत असतील, तर त्याला ‘आपला’ कोण वाटला असेल, हे सरळ नाही. मुंबईच्या राजकारणाची भाषिक बेरीज-वजाबाकी करणाऱ्यांनी या एका मतदारसंघापाशी थोडे थांबावे.

११/ पाटील यांना खलनायक ठरवण्याची मात्र गरज नाही. शहराचा कारभार त्यांच्याइतका आतून जाणणारे फार थोडे होते. अन्नमंत्री असताना १९६० मध्ये अमेरिकेशी केलेल्या पीएल-४८० गव्हाच्या करारावर आज कितीही टीका होवो, त्या गव्हावर शहरे जगली हे नाकारता येत नाही. पराभवानंतर ते गुजरातमधील बनासकांठा येथून पोटनिवडणुकीने लोकसभेत परतले. मुंबईतून मात्र ते पुन्हा कधी निवडून आले नाहीत.

१२/ आणि जॉर्ज? १९७१ मध्ये ते याच दक्षिण मुंबईत उमेदवार होते, या खेपेस विद्यमान खासदार म्हणून. इंदिरा गांधींच्या लाटेत ते हरले. चार वर्षे दिल्ली आणि देशभरच्या आंदोलनांत गेली होती. जमिनीलगतचे ते जाळे पूर्वीसारखे हलले नाही. पुढचा विजय १९७७ चा, तुरुंगात असताना मिळालेला, आणि तोही मुंबईतून नव्हे, बिहारमधील मुझफ्फरपूरमधून.