कारगिलचा मित्र आणि महिन्याची पेन्शन

26 जुलै जवळ आला की बेळगावात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. मध्ये टायगर हिलचे चित्र, वर पुढाऱ्यांचे हात जोडलेले फोटो, खाली मंडळाच्या कार्यकर्त्यांचे फोटो आणि उरलेल्या कोपऱ्यात एक जवान. 2024 साली कारगिल युद्धाला 25 वर्षे पूर्ण झाली तेव्हा तर चढाओढच लागली होती. याबद्दल माझी तक्रार नाही. एक दिवस तरी लोक थांबतात, मेणबत्ती लावतात, लहान मुलांना काहीतरी सांगतात. परंतु ज्या घरातला मुलगा त्या युद्धात गेला, त्या घराला वर्षाचे उरलेले 364 दिवसही काढायचे असतात. ते दिवस कशावर निघतात, याविषयी आपल्या समाजात फारसे कुणी बोलत नाही. मी बँकेत कारकून असल्यामुळे मला ते काउंटरच्या अलीकडून थोडेफार दिसते. म्हणून हा लेखप्रपंच.

त्या युद्धात आपले 527 जवान गेले. त्यातला एक माझ्या गल्लीतला, माझ्याच वर्गातला. त्याचे नाव इथे लिहीत नाही. आम्ही ज्या नावाने त्याला हाक मारायचो ते घरचे नाव आहे, ते छापून येणे त्याच्या आईला आवडणार नाही. आम्ही दोघे 1978 चे. कॅम्पातून पहाटे धावत जाणाऱ्या रिक्रुटांची रांग बघतच आम्ही मोठे झालो. आपल्याकडे मराठा रेजिमेंटचे सेंटर म्हणजे घरचाच कारभार. प्रत्येक गल्लीत एखादा पेन्शनर सुभेदार असतो आणि तो पोरांच्या छातीची मापे घेत असतो. मित्राचे मात्र मराठा सेंटरमध्ये जमले नाही, तो तोफखान्यात गेला. 1996 साली नाशिक रोडला ट्रेनिंगला रवाना झाला तेव्हा मी कॉमर्सला प्रवेश घेतला होता. “तू डेबिट-क्रेडिट कर, मी फायर करतो,” असे तो म्हणाला होता. अभ्यासाचा त्याला मनस्वी कंटाळा. गणिताचा पेपर असला की तो हमखास किल्ल्याच्या तलावावर सापडायचा.

1999 च्या मे महिन्यात त्याचे पत्र आले. 56 एपीओचा शिक्का. पत्रात युद्धाचा एक शब्द नाही. गणपतीला सुट्टी मिळाली तर येतो, नाही मिळाली तर मंडळाची माझी वर्गणी तू भर, 51 रुपये, आल्यावर देतो, एवढाच मजकूर. 8 जूनला ओल्ड ट्रॅफर्डवर विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामना झाला. आपण 47 धावांनी जिंकलो. आमच्या गल्लीत फटाके वाजले आणि त्याचे वडील दारात येऊन म्हणाले, “तिकडं पण असंच होऊ दे.” त्यानंतर नवव्या दिवशी कॅम्पातून जीप आली. द्रासजवळ त्यांच्या तोफांच्या जागेवर समोरून आलेला गोळा पडला होता.

1965 आणि 1971 च्या लढायांत गेलेल्या बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार सीमेकडेच होत. घरी तार यायची, मागून कपड्यांची पेटी यायची. कारगिलच्या वेळी प्रथमच एवढ्या मोठ्या संख्येने शवपेट्या घरोघरी पोचवल्या गेल्या, आणि टीव्हीमुळे सगळ्या देशाने ते पाहिले. आमच्याकडे आलेली पेटी उघडू दिली नाही. त्याचा अर्थ काय हे न कळण्याएवढे आम्ही लहान नव्हतो. अंत्ययात्रेत मराठी होते, कानडी होते, मुसलमान होते. घोषणा जिला जी भाषा सुचेल त्या भाषेत दिल्या गेल्या. पुढे त्याचे नाव एका चौकाला द्यायचे ठरले, तेव्हा मात्र फलक कोणत्या भाषेत लावायचा यावर विषय अडकला आणि तो अर्ज आजतागायत कुठल्याशा टेबलावर पडून आहे. त्याच्या आईला, म्हणजे मावशींना, मी एकदा याबद्दल विचारले. त्या म्हणाल्या, “चौक कशाला रे त्याला? जिता असताना चौकातच पडलेला असायचा.” एवढे बोलून त्यांनी मला खायला दिले.

माझ्या घरात त्याची आठवण काढायला वेगळा दिवस लागत नाही. गणेशोत्सवाची वर्गणी मागायला पोरे आली की दोन पावत्या फाडल्या जातात, एक माझ्या नावाची, एक त्याच्या. 51 चे आता 501 झाले. पावती लिहिणाऱ्या पोरांना ते नाव कुणाचे हे माहीत नसते, आमचे कुणी नातेवाईक असतील असे त्यांना वाटते. लग्न झाले त्या वर्षी पत्नीने विचारले होते, हे कोण? सांगितले. तेव्हापासून घरात माझ्याकडे सुटे नसले तर तीच ते पैसे काढून ठेवते.

आमच्या शाखेत एक बंदूकधारी गार्ड आहे. माजी सैनिक, माझ्याच वयाचा. तोही त्याच सुमारास भरती झालेला, सतरा वर्षांची नोकरी करून आलेला, गुडघे धरलेले, मुलीच्या फीची काळजी, चहात साखर कमी. माझा मित्र जगला असता तर आज बहुधा असाच कुठल्यातरी बँकेच्या दारात स्टुलावर बसला असता आणि जेवणाच्या सुट्टीत मला शिव्या घातल्या असत्या. फ्लेक्सवरचा जवान कायम एकवीस वर्षांचा राहतो. मला मात्र तो सत्तेचाळीस वर्षांचा दिसतो, पोट सुटलेला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. तो अविवाहित होता. युद्धात गेलेल्या अविवाहित सैनिकाच्या आई-वडिलांना, त्यांची ऐपत न पाहता, पेन्शन मिळते. विवाहित जवानाच्या पत्नीला जी उदारीकृत कुटुंब पेन्शन मिळाली असती तिच्या 75 टक्के, दोघे हयात असेपर्यंत. दोघांपैकी एक गेला की 60 टक्के. मावशींच्या घरी काका वारले त्या महिन्यानंतर 75 चे 60 झाले. घराचे भाडे, औषधे आणि हेस्कॉमचे बिल मात्र 75 चे 60 होत नाही, पण ते असो. रक्कम मी लिहिणार नाही, ग्राहकाची गुप्तता मला पाळावी लागते. एवढे सांगतो की 1999 साली लागू झालेला आकडा आणि आजचा आकडा यांत कितीतरी पटींचे अंतर आहे. मधल्या काळात दोन वेतन आयोग आले आणि वर्षातून दोनदा महागाई भत्ता वाढत गेला. त्या घरात कमावते कुणी नव्हते. या वाढत्या पेन्शनवर धाकट्या बहिणीचे लग्न झाले, काकांची बायपास झाली, घराची कौले उतरून स्लॅब पडला.

मावशी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पासबुक घेऊन येतात. एटीएम कार्ड आहे, पण त्या यंत्राकडे जात नाहीत. पासबुकात नवी ओळ छापली गेली की चष्मा पुसून ती वाचतात आणि म्हणतात, “आला बघ.” पैसे आले असे त्या म्हणत नाहीत. हे मी गेली कित्येक वर्षे ऐकतो आहे.

आणि म्हणून अग्निपथ योजनेबद्दल मला बोलायचे आहे. ही योजना जून 2022 मध्ये आली. तरुण मुलाने चार वर्षे नोकरी करायची, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम करणार, बाकीचे घरी. योजना चांगली की वाईट, सैन्य तरुण राहते की नाही, हे ठरवण्याची माझी पात्रता नाही. ते जाणकारांनी बोलावे. मी फक्त हिशेबाचे बोलतो. अग्निवीर लढाईत गेला तर योजनेच्या नियमाप्रमाणे घरच्यांना 48 लाखांचा विमा, 44 लाखांचे सानुग्रह अनुदान, राहिलेल्या मुदतीचा पगार आणि सेवानिधी असे एकरकमी मिळते. कायम सैनिकाच्या घराला मिळते तशी महिन्याची कुटुंब पेन्शन मात्र या नियमांत नाही.

कुणी म्हणेल, कोटीच्या घरात रक्कम जाते, व्याज धरले तर पेन्शनपेक्षा जास्तच पडते. कागदावर खरे आहे, मीही कॉमर्सचाच आहे. पण एकरकमी पैशाचे काय होते ते मी काउंटरवर बसून पाहिलेले आहे. अपघाताचा मोबदला असो, जमिनीचा असो. रक्कम जमा झाल्याची बातमी गावात बँकेच्या आधी पोचते. पहिल्या महिन्यात चुलत दीर येतो, दुसऱ्या महिन्यात प्लॉटवाला, तिसऱ्यात जादा टक्के देणारी कुठलीतरी सोसायटी. मुदत ठेवीची पावती मोडायला आलेल्या बाईच्या शेजारी नेहमी एक पुरुष उभा असतो आणि सही कुठे करायची ते तोच बोट ठेवून दाखवतो. आम्ही समजावून बघतो, पण ठेव त्यांची असते. पाच वर्षांनी त्या खात्यात काय उरते ते आम्हाला दिसते. पेन्शन कुणाला उसनी मागता येत नाही, एकदम काढता येत नाही, मोडता येत नाही. ती फार तर एका महिन्याची जाते, पुढल्या महिन्यात परत येते. शिवाय ठेवीच्या व्याजाला महागाई भत्ता लागत नाही आणि वेतन आयोगही लागत नाही. आज कोटी म्हणजे मोठा आकडा वाटतो. 1999 साली जो आकडा मोठा वाटत होता तो आठवून पाहा.

माझा मुलगा बारावीला आहे. पहाटे उठून धावायला जातो. चंदगड, खानापूर भागातली पोरे त्याच्याबरोबर असतात. भरतीला उभा राहणार म्हणतो. त्याची आई काही बोलत नाही, दूध गरम करून ठेवते. मी त्याला अडवणार नाही. आपल्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या मुले फौजेत गेली. 1944 साली यशवंत घाडगे आणि 1945 साली नामदेव जाधव यांनी इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते आपल्याच मराठा रेजिमेंटचे, शेतकऱ्यांच्या घरातले. पण ज्या बोफोर्सच्या मागे माझा मित्र उभा होता तशाच तोफेमागे उद्या एक कायम जवान आणि एक अग्निवीर शेजारी शेजारी उभे असतील आणि एकच गोळा दोघांवर पडला, तर एकाच्या आईच्या पासबुकात दर महिन्याला ओळ उमटणार आणि दुसरीच्या नाही, हे मला पटत नाही. नोकरी चार वर्षांची करा, हवी तर तीन वर्षांची करा. मरण मात्र चार वर्षांपुरते नसते. लढाईत गेलेल्याच्या घराला, तो कोणत्याही योजनेखाली भरती झालेला असो, एकच पेन्शन द्यावी. एकरकमी विम्यातून तेवढे कमी करायचे असेल तर खुशाल करावे. आपल्या संघटनेने सीमाभागातील सर्व पक्षांच्या खासदार-आमदारांकडे ही मागणी लेखी करावी, असे माझे मत आहे. भाषेच्या प्रश्नावर त्यांच्याशी आपले पटत नसेल, पण या प्रश्नावर एका कागदावर सह्या व्हायला हरकत नसावी.

दुसरी गोष्ट आपल्या हातातली आहे. पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, बहुतेकांना नोव्हेंबरात. ज्या आईचा मुलगा हयात नाही तिने दरवर्षी आपण हयात असल्याचे सांगायचे, अशी ही पद्धत आहे. नियम म्हणून त्यात गैर काही नाही, पण म्हाताऱ्या माणसाची दमछाक होते. आता संरक्षण खात्याच्या पेन्शनी ‘स्पर्श’ नावाच्या संगणकीय व्यवस्थेत गेल्या आहेत, त्यांचा हिशेब बँकेत होत नाही. हे न कळल्याने एका वर्षी मावशींचा दाखला एका ऑनलाइन सेंटरवाल्याने भलत्याच रकान्यात भरला आणि पेन्शन चार महिने बंद राहिली. चारही महिने त्या पासबुक घेऊन आल्या. नवी ओळ नाही म्हटल्यावर खुर्चीवर थोडा वेळ बसायच्या आणि जायच्या. चौकशी करून, नवा दाखला भरून ती सुरू केली. थकबाकी एकदम आली तेव्हा त्यांनी त्यातले एक पैसुद्धा काढले नाहीत.

तेव्हा या नोव्हेंबरात संघटनेच्या कार्यालयात रविवारी सकाळी दहा ते एक मी बसणार आहे. 2021 पासून चेहरा दाखवून मोबाईलवरच हा डिजिटल दाखला काढता येतो, अंगठ्याच्या रेषा झिजलेल्यांना ते सोयीचे पडते. ज्यांची पेन्शन ‘स्पर्श’मध्ये गेली आहे त्यांनी पेन्शन वितरण करणाऱ्याच्या रकान्यात बँकेचे नाव न निवडता ‘स्पर्श’च निवडायचे, चूक होते ती इथेच. येताना पीपीओचा क्रमांक, आधार कार्ड आणि आधारला जोडलेला मोबाईल आणावा. ज्यांना जिना चढवत नाही त्यांच्याविषयी शेजाऱ्यांनी गल्लीचे नाव कार्यालयात लिहून ठेवावे, मी दुपारनंतर घरी येईन. माझा मुलगा बरोबर असेल, मोबाईलचे त्याला माझ्यापेक्षा बरे कळते.