बाळाची चोखणी : केव्हा द्यावी व कशी सोडवावी

तान्ह्या मुलाच्या तोंडात रबरी चोखणी द्यावी की न द्यावी, ह्या प्रश्नावरून हल्ली कित्येक सुशिक्षित घरांत दोन तट पडलेले आमच्या पाहण्यात येतात. एका पक्षाचे म्हणणे असे की, चोखणी म्हणजे आळशी आयांची युक्ती; आमच्या वेळी असली थेरे नव्हती आणि तरीही मुले वाढलीच. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, मूल शांत राहते, आईला दोन घटका पाठ टेकता येते, मग त्यात वाईट ते काय? हा पूर्वपक्ष आणि हा उत्तरपक्ष बहुधा जेवणाच्या वेळी झडतो, आणि दोन्हींचा मारा अखेर एकाच व्यक्तीवर येऊन पडतो. ती म्हणजे बाळाची आई.

आमच्या मते दोन्ही पक्ष प्रश्नच चुकीचा मांडतात. चोखणी चांगली की वाईट, असे सरसकट विचारून उपयोग नाही. ती कोणत्या वयात, कोणत्या वेळी आणि कोणाच्या सोयीसाठी दिली जाते, हे पाहिले पाहिजे. तेवढे ठरले म्हणजे ती सोडविण्याचा मार्गही आपोआप दिसू लागतो.

चोखणे ही काही वाईट खोड नव्हे; ती निसर्गाची योजना आहे. मूल गर्भात असतानाच अंगठा चोखते, हे आता यंत्राच्या साहाय्याने प्रत्यक्ष दिसते. पोट भरल्यावरही त्याला चोखण्यात समाधान वाटते. प्रलयजलात वटपत्रावर पहुडून पायाचा अंगठा तोंडात घालणाऱ्या बालकाचे जे चित्र भागवतातील मार्कंडेयाच्या कथेत आहे, ते काढणाऱ्याने लहान मूल नीट पाहिलेले होते, ह्यात शंका नाही. साधन तेवढे काळाप्रमाणे बदलत गेले. युरोपात पूर्वी साखर किंवा पाव फडक्यात बांधून त्याची पुरचुंडी मुलाच्या तोंडात देत. आल्ब्रेख्त ड्यूरर ह्या जर्मन चित्रकाराच्या 1506 सालच्या एका चित्रात मेरीच्या मांडीवरील बाळाच्या हाती अशीच पुरचुंडी दिसते. आज आपल्या परिचयाची जी चकती लावलेली चोखणी आहे, तशा आकृतीचा हक्क क्रिस्तियन माइनेके ह्या गृहस्थाने अमेरिकेत 1900 साली नोंदविला.

आता वयाचा विचार करू. सुश्रुताने बालकांचे तीन वर्ग केले आहेत: एक वर्षापर्यंतचे ते क्षीरप, दोन वर्षांपर्यंतचे ते क्षीरान्नाद, आणि त्यापुढील ते अन्नाद. सुश्रुतापुढे रबरी चोखणी नव्हती हे उघडच आहे. तथापि चोखणीचे वेळापत्रक ठरविण्यास ही वाटणी आम्हांस फार सोयीची वाटते.

प्रथम क्षीरप बालक. जन्मानंतरचे पहिले काही आठवडे चोखणी देऊच नये. आईचे दूध मागणीप्रमाणे वाढते. मूल जितके अंगावर पिईल तितके दूध येते. नवजात बालकास दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे लागते. ते हात चोखू लागले, मान वळवून शोधू लागले, म्हणजे ती भुकेची पहिली खूण समजावी. अशा वेळी तोंडात चोखणी कोंबली तर मूल गप्प होते खरे, परंतु भूक दबून राहते. त्याचे वजन वाढत नाही आणि आईचे दूधही आटू लागते. ह्याच कारणास्तव जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ ह्यांनी 1989 साली स्तनपानासाठी जी दहा पावले सांगितली, त्यांत अंगावर पिणाऱ्या मुलास चोखणी देऊच नये, असे एक पाऊल होते. 2018 साली त्यात फेर करून, चोखणी व बाटली ह्यांचे धोके आईस नीट समजावून सांगावे, असे ठरविण्यात आले.

म्हणजे चोखणीस काहीच गुण नाही काय? आहे. अंगावरचे पिणे नीट सुरू झाल्यावर, साधारणपणे तीन-चार आठवड्यांनंतर, झोपतेवेळी चोखणी देण्यास अमेरिकेतील बालवैद्यांच्या अकादमीने 2005 सालापासून अनुकूल मत दिले आहे. कारण अर्भकांना झोपेत अकस्मात येणारा मृत्यू चोखणी घेणाऱ्या मुलांत कमी आढळतो. परंतु त्यासोबत अटी आहेत. मुलास उताणे निजवावे. त्याने चोखणी नाकारली तर बळजबरी करू नये. आणि झोपेत ती गळून पडली तर पुन्हा तोंडात घालू नये.

चोखणी निवडताना चरकाचे वचन ध्यानात ठेवावे. शारीरस्थानात बालकाची खेळणी कशी असावीत हे सांगताना त्याने म्हटले आहे की, ती हलकी असावीत, टोकदार नसावीत, तोंडात शिरतील अशी नसावीत आणि जीवावर बेतणारी नसावीत. चोखणीचे बोंड तोंडात जावयाचेच. म्हणून तिची चकती तोंडात मुळीच जाऊ शकणार नाही एवढी मोठी हवी, तिला हवेसाठी भोके हवीत, आणि सारी वस्तू एकसंध असावी. चीर पडलेली किंवा चिकट झालेली चोखणी टाकून द्यावी. ती हरवू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवून मुलाच्या गळ्यात बांधण्याची जी रीत काही घरांत आहे, ती तत्काळ बंद करावी; झोपेत त्या दोऱ्याचा फास बसतो. खाली पडलेली चोखणी स्वतःच्या तोंडात घालून साफ करणे हेही योग्य नव्हे. उष्ट्याचा विधिनिषेध आपल्या घरांत पुष्कळ चालतो. येथे त्यास वैद्यकाचाही आधार आहे, कारण दात किडविणारे जंतू एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातात. नवी चोखणी उकळून घ्यावी व पुढे रोज धुवावी.

मधाविषयी आम्हांस विशेष आग्रहाने लिहावयाचे आहे. बाळाने चोखणी आवडीने घ्यावी म्हणून ती मधात बुडविण्याचा सल्ला वडीलधाऱ्या बायका प्रेमापोटी देतात. जातकर्मात सोन्याने मध व तूप चाटविण्याचा विधी असल्यामुळे मध म्हणजे बाळास अमृतच, अशी आपली समजूत आहे. परंतु मधात एका जंतूची बीजे असू शकतात; मोठ्यांस त्यांची बाधा होत नाही, पण वर्षाच्या आतील मुलाच्या आतड्यात ती रुजून विष उत्पन्न करतात व मुलाचे स्नायू लुळे पडतात. अर्भकांचा हा विकार 1976 साली ओळखला गेला. 2018 साली अमेरिकेतील टेक्सास राज्यात मध भरलेल्या चोखण्यांमुळे चार अर्भकांस तो जडला. सबब विधीचा मान राखावयाचा तर मंत्र म्हणावे, सोने बाळाच्या कपाळास लावावे. मध मात्र वर्ष पुरे होईपर्यंत जिभेस लावू नये. साखर, गूळ ह्यांचीही चोखणीस आवश्यकता नाही.

येथेच तिसरा प्रश्न उद्भवतो: चोखणी कोणाच्या सोयीसाठी? मुंबईच्या कापडगिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रिया एके काळी आपल्या मुलांस अफूची बाळगोळी देऊन निजवीत. त्या निर्दय नव्हत्या. दिवसभर यंत्रापुढे उभे राहणाऱ्या आईस दुसरा उपाय नव्हता. चोखणी म्हणजे अफू नव्हे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या घरात आजी, आत्या, काकू अशी चार माणसे वावरत आहेत, तेथे मूल रडू लागताच कोणी कडेवर न घेता प्रत्येकजण चोखणी शोधू लागला, तर ती सोय बाळाची नसून घराची झाली. बाळ का रडते आहे हे आधी पाहावे: भूक, ओले दुपटे, उकाडा, पोटातील वारा, की नुसता सहवास हवा आहे. ह्यांपैकी काहीच नसेल तर मग चोखणी.

आता क्षीरान्नाद. उष्टावण झाले, मूल बसू लागले, म्हणजे चोखण्याची नैसर्गिक गरज ओसरू लागते. ह्या वयापासून चोखणी कमी करण्यास आणखी एक कारण आहे, ते म्हणजे कान. फिनलंडमध्ये मातापित्यांस चोखणीचा वापर आवरण्याचा उपदेश करून परीक्षा घेण्यात आली. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षाप्रमाणे त्या मुलांत कानाच्या आतील दाहाचे प्रमाण 29 टक्क्यांनी कमी भरले. तेव्हा सहा महिन्यांनंतर चोखणीची जागा अंथरुणावर, एवढा नियम करावा. अंगणात, बैठकीत, प्रवासात ती बरोबर नको. मूल बोबडे बोलू लागते ते ह्याच काळात. ज्याच्या तोंडास बूच लावलेले आहे ते बोलणार कसे?

आणि अन्नाद. दोन वर्षांनंतर चोखणी राहू नये. तीन वर्षांच्या पुढे तर नाहीच नाही, असे दंतवैद्यही सांगतात. दीर्घकाळ चोखल्याने पुढचे वरचे व खालचे दात एकमेकांस भिडत नाहीत, मध्ये फट राहते, वरचा जबडा अरुंद होतो. सवय लवकर सुटली तर हे वैगुण्य बहुधा आपोआप भरून येते. उशीर झाला तर उपचार लागतो. चोखणीचा अंगठ्याहून एक लाभ मात्र आहे: चोखणी घरातून नाहीशी करता येते, अंगठा हातासच असतो.

आता सोडविण्याचा मार्ग. बोंडास कडुनिंब, मिरपूड किंवा तिखट लावणे, "एवढा घोडा झालास तरी चोखतोस!" म्हणून पाहुण्यांसमोर हसणे, किंवा बागुलबुवा येईल म्हणून भिवविणे, हे तीन मार्ग आपल्याकडे रूढ आहेत आणि तिन्ही त्याज्य आहेत. चरकाने ह्याच प्रकरणात स्पष्ट बजावले आहे की, मूल रडत असो, जेवत नसो वा ऐकत नसो, राक्षस, पिशाच, पूतना ह्यांची नावे घेऊन त्यास भय दाखवू नये. मुलाने आपला विसावा हाती घ्यावा आणि त्याच विसाव्याने त्याचे तोंड पोळावे, ह्याहून मोठा विश्वासघात त्या वयात दुसरा नाही.

आमच्या परिचयातील एका घरी तीन वर्षांचा मुलगा चोखणी सोडीना. वडिलांनी ती खिडकीतून फेकली. आजीने दुसरीस मिरपूड लावली. आत्याने त्याचे रडणे न बघवून त्याच संध्याकाळी दुकानातून तिसरी आणली. आठवड्याभरात मुलगा कोणापुढे किती रडावे हे शिकला. दोष मात्र सर्वांनी सुनेच्या माथी मारला: "तुलाच धाक नाही." ती बिचारी माहेरी चार दिवस जाऊन येते म्हणाली, आणि घरात सर्वांची तोंडे बंद झाली. तेव्हा आजोबांनी सर्वांस एकत्र बसवून सांगितले की, ह्या घरात चोखण्या चार नाहीत, मते चार आहेत. आधी ती एक करा. ठरले असे की, चोखणी एकच राहील आणि ती फक्त रात्री मिळेल. दिवसा मागितली तर जो जवळ असेल त्याने त्याला उचलून घ्यावे, दुसरे काही करू नये. दहा-बारा दिवसांनी रात्रीचीही बंद करावयाची, आणि निजताना आजीने पाठीवरून हात फिरवीत गोष्ट सांगावयाची. पहिल्या तीन रात्री रडण्यात गेल्या. आत्या उठू लागली तेव्हा आजोबांनीच तिला बसविले. महिन्याच्या आत चोखणी विस्मरणात गेली. गोष्ट मात्र आजीला अद्याप रोज सांगावी लागते.

ह्यातून निघणारे नियम थोडक्यात असे. सोडविण्याचा काळ शांत निवडावा; आजारपण, घरबदल, धाकट्या भावंडाचा जन्म किंवा बालवाडीचा पहिला आठवडा नको. आधी दिवसाची, मग दुपारच्या झोपेची, शेवटी रात्रीची, अशा क्रमाने सोडवावी. जे काढून घ्यावयाचे त्याच्या जागी काही द्यावे: कुशीत घेणे, अंगाई, मऊ बाहुली. मूल कळते झाले असेल तर त्याच्याच हाताने निरोप देववावा. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनच्या फ्रेडरिक्सबर्ग उद्यानात एक झाड आहे. मुले तेथे आपल्या चोखण्या फितीने टांगून त्यांचा निरोप घेतात. आपल्याकडे जावळाचा सोहळा आहे, उष्टावणाचा आहे, बोरन्हाणाचा आहे. मग मुलाने आपली चोखणी स्वतः डबीत ठेवावी, सर्वांनी कौतुक करावे, त्याच्या आवडीचा शिरा करावा, एवढा छोटा समारंभ आपणांस जड आहे काय? आणि एकदा निरोप झाला म्हणजे डबी पुन्हा उघडू नये. ती घरात न ठेवणे हेच उत्तम.

शेवटी घरातील वडीलमाणसांस आमचे एवढेच सांगणे आहे. बाळाची सवय सुटावी असे ज्यांस वाटते, त्यांनी रात्री एक वाजता उठून त्याला खांद्यावर घेण्याची एक पाळी आपल्याकडे घ्यावी. ज्या घरात ही पाळी वाटून घेतली जाते, तेथे सुनेस उपदेश करण्याची वेळ क्वचितच येते, आणि आली तरी तिला तो ऐकवतो.