खुरपणी म्हणजे ध्यान नव्हे

यंदा माघात पाबळला एक विद्वान पाहुणे येऊन गेले. मस्तानीच्या कबरीपाशी गाडी उभी केली, सावलीत बाटलीतले पाणी प्यायले, वाटेतल्या वावरात चार बायका कांदा खुरपत होत्या त्यांच्याकडे डोळे भरून पाहिले आणि संध्याकाळच्या भाषणात आम्हालाच आमच्याविषयी सांगितले. मुद्दा असा की ताणतणाव हा शहराचा रोग आणि ध्यान हे त्याचे शहरी औषध. खेड्यातला माणूस काळ्या मातीत राबतो, त्याचे कामच त्याचे ध्यान. त्याला डोळे मिटून बसायला सांगणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे. शिवाय हे सगळे परदेशातून धुऊन-इस्त्री होऊन आलेले फॅड, त्यात वेळ जातो, माणूस स्वार्थी होतो, आणि वारकऱ्यांच्या मुलखात त्याची गरजच काय? टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्या निम्म्याजणांच्या खिशात रक्तदाबाची गोळी असेल. मी टाळी वाजवली नाही. गोळी मात्र माझ्याही खिशात होती.

किरकोळ मुद्दे आधी उरकतो. परदेशी फॅड? अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानवर्ग सुरू केला तो 1979 साली. आमच्याकडे गीतेच्या ध्यानयोगावरच्या सहाव्या अध्यायाचे निरूपण मराठीत झाले ते 1290 साली, नेवाशाला. आधी कोण, हे बोटांवर मोजता येते. वेळ जातो? पारावर आम्ही रोज जेवढा वेळ दुसऱ्याच्या पोरांची लग्ने जुळवण्यात घालवतो, त्याच्या चौथ्या हिश्श्यात भागते. आणि दहा मिनिटे गप्प बसणारा जर स्वार्थी, तर दीड तास बोलणाऱ्याला काय म्हणायचे?

खरे दुखणे 'कामच ध्यान' या वाक्यात आहे. ऐकायला ते इतके गोड लागते की कुणी त्याला हातच लावत नाही. मी लावतो.

पाहुण्यांनी पाहिलेल्या चार बायकांपैकी एक माझी चुलत भावजय. खुरपे तिच्या हाताला तीस वर्षांपासून पाठ आहे, त्याला तिच्या मनाची गरजच उरलेली नाही. मग मन कुठे असते? सोसायटीच्या कर्जाला 31 मार्च किती दिवसांवर आला, हे ते मोजत असते. थोरला रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे तिसऱ्या पाळीला आहे, त्याला या महिन्यानंतर ठेवतात की काढतात, तिथे ते असते. रात्रीच्या लाइटीत असते. शेतीच्या विजेचे आठ तास कधी दिवसाचे येतात, कधी रात्रीचे. रात्रीचे आले की नवऱ्याला दोन वाजता मोटार चालू करायला जावे लागते आणि परत येईपर्यंत हिला डोळा लागत नाही, कारण आमच्या शिरूर तालुक्यात अंधारात दोन डोळे चमकले तर ते मांजराचेच असतील असे नाही. 2025 साली याच तालुक्यातल्या पिंपरखेडच्या बायका बिबट्याच्या भीतीने गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जात होत्या, त्याचे फोटो सगळीकडे आले. पाहुण्यांनी ते पाहिले असतील तर बहुधा तीही एखादी ध्यानमुद्रा समजून पुढे गेले असतील.

आणि भाव. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली. तेव्हा आमच्याकडे उन्हाळी कांद्याची लागण तोंडावर होती. रोप तयार, मजूर सांगितलेले, आणि चाकणच्या बाजारात भाव कुठवर उतरतो ते कुणाला कळेना. लावायचा की नाही? लावला. बंदी उठली 4 मे 2024 ला, तीही 40 टक्के शुल्क मागे लावून. म्हणजे लागणीपासून काटणीपर्यंत आणि काटणीपासून बराखीपर्यंत तो कांदा ज्या-ज्या हातांतून गेला, त्या प्रत्येक हातामागच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. याला ध्यान म्हणायचे असेल तर घुबडाच्या जागरणाला काकड आरती म्हणावे.

हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 2250 माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवर विचारले: आत्ता काय करता आहात, आणि मन त्यातच आहे का? जवळजवळ निम्म्या वेळा मन भलतीकडे होते, आणि मन भटकलेले असताना माणसे कमी सुखी होती. एक काम सोडले तर प्रत्येक कामात मन बऱ्याच वेळा भटकलेले आढळले. ते एक काम कोणते हे इथे सांगत नाही. खुरपणी नव्हे, एवढे नक्की.

कामात एकाग्रता येतच नाही असे मी म्हणत नाही. हाताने काम करून शिकण्याची महती पाबळला कुणी बाहेरून येऊन सांगू नये. 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी इथे विज्ञान आश्रम काढला तो त्याच विचाराने. वेल्डिंग शिकणाऱ्या पोराचे लक्ष ठिणगीवरून हलत नाही, कारण हलले तर भाजेल. पण ते लक्ष कामाने धरून ठेवलेले असते. काम सवयीचे झाले की पकड सुटते आणि मन मोकाट. ध्यानात नेमके उलटे आहे. तिथे धरून ठेवणारे काहीच नसते; मन पळते, आपण त्याला परत आणून श्वासावर बसवतो, ते पुन्हा पळते. गुरे सोडून जाणारे खोंड वळवायला जितके कंटाळवाणे, तितकेच हे. म्हणून ते शिकावे लागते.

हा 'कामच ध्यान' प्रकार मला नवा नाही. घरात गॅस आला तेव्हाही शहरातले पाहुणे हळहळले होते, चुलीवरच्या भाकरीची चव गेली म्हणून. त्यांतल्या एकानेही कधी फुंकणी तोंडाला लावली नव्हती. गिरणी आली तेव्हा जात्यावरच्या ओव्यांसाठी असेच गळे काढले गेले. अहो, त्या ओव्या वाचा तरी! लाखभर गोळा झाल्या आहेत. त्यांत देव आहे, माहेर आहे, आणि सासुरवासही आहे. पहाटे चारला दळता दळता बाई मनातली मळमळ बाहेर काढत होती. दळणे हेच ध्यान असते, तर तिला गाण्याची गरज का पडली असती? माझ्या आजीने गिरणीचा पट्टा फिरताना पाहून त्याला हात जोडले होते, हे मी पाहिले आहे. आणि ज्या कबरीच्या सावलीत पाहुण्यांना खेड्याची शांती सापडली, त्या कबरीतल्या बाईला 1740 साली कसल्या शांतीत मरण आले, हे त्यांनी कुणाला तरी विचारायचे होते. असो, विषय ध्यानाचा होता.

वारकऱ्यांच्या भजनाचा मुद्दा मात्र मी निम्मा मान्य करतो. हरिपाठाला रोज बसणाऱ्या माणसाचे मन ठिकाणावर येते. त्याला वेगळे डोळे मिटायला सांगायचे कारण नाही. पण आमच्या देवळातला टाळ हल्ली साठीच्या आतल्या हातांत क्वचित दिसतो. तिसऱ्या पाळीहून आलेल्या पोराने काय करावे?

त्याने खाटेवर पाठ ताठ ठेवून दहा मिनिटे श्वास पाहावा, एवढेच माझे मंडन. मी चार वर्षांपूर्वी सुरू केले, बांधावरून भावकीशी वाजले आणि रात्री दोनला जाग यायला लागली तेव्हा. बांध हलला नाही, भाव चढला नाही. पण पूर्वी उजाडेपर्यंत कूस बदलत मनातल्या मनात कोर्ट भरवायचो, ते आता आठवड्यातून एखाद-दोनदाच भरते. यापेक्षा मोठा दावा मी करणार नाही. 2014 साली 47 चाचण्यांचा, 3515 माणसांचा आढावा निघाला, त्यातही एवढेच निघाले: चिंता आणि उदासी बेताने कमी होते, व्यायामापेक्षा किंवा औषधापेक्षा सरस असल्याचा पुरावा नाही. ज्याचे दुखणे त्यापलीकडचे आहे त्याने डॉक्टर गाठावा, नाहीतर 14416 या टेलि-मानसच्या नंबरावर फोन लावावा. इगतपुरीचे शिबिर चांगलेच आहे, फीही नाही. पण दहा दिवस गोठ्यातल्या गायी कुणी पिळायच्या? सरकारी नोकराला विपश्यनेसाठी 14 दिवसांच्या रजेची सोय आहे, गायवाल्याला नाही. म्हणून दहा मिनिटे. 'ताण सगळा तुमच्या आतच असतो' म्हणून महिन्याची वर्गणी मागणारे दुसऱ्या टोकाचे शहाणे आहेत, त्यांच्याशी माझे भांडण वेगळे.

पाहुण्यांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. पुढच्या माघात रात्रीच्या लाइटीच्या आठवड्यात यावे. बॅटरी आणि काठी मी देईन. दोन वाजता मोटार चालू करून एकट्याने चार वाफे भरावेत. चहा भावजय करील, गॅसवर.